रडारला खोली कळत नाही, फक्त वेळ कळतो!

रस्ता खोदायच्या आधी हल्ली चाकांवरचं एक यंत्र ढकलत नेतात. त्याचं नाव ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, म्हणजे जीपीआर. एवढा सर्व्हे होऊनही जेसीबीचा दात पाइपात घुसतो आणि गल्लीत चार दिवस नळ कोरडे. मग सगळे म्हणतात, मशीनच बोगस. पण चूक बऱ्याचदा वेगळीच असते. त्यासाठी थोडा इतिहास बघावा लागेल.

१९२९ साली डब्ल्यू. स्टर्न यांनी ऑस्ट्रियातल्या हिमनदीची जाडी रेडिओ लहरींनी मोजण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे ग्रीनलँडवरून उडणाऱ्या विमानांचे रडार-उंचीमापक फसू लागले. लहर वरच्या बर्फावरून न परतता थेट आत शिरायची. वैमानिकाला वाटायचं अजून बरीच उंची आहे, आणि बर्फ तर अगदी जवळ आलेला! अमेरिकी लष्कराच्या एमोरी वेट यांनी हीच खोड कामाला लावली आणि १९५० च्या दशकात रडारने बर्फाची जाडी मोजून दाखवली.

पण यंत्राला कळतो तो फक्त लहरीच्या जाण्या-येण्याचा वेळ. वेळ गुणिले वेग, भागिले दोन, की खोली मिळते. यातला वेग माणसाने भरायचा असतो. हवेत लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंमी जाते, बर्फात सुमारे १७, चिंब ओल्या मातीत ६ च्या आसपास. बर्फातला वेग पक्का करायला गॉर्डन रॉबिन यांनी बर्फात घेतलेल्या बोअरमध्ये मोजणी केली, ती १९७५ साली छापून आली. माती त्याहून अवघड. १९८० साली कॅनडातल्या टॉप, डेव्हिस आणि अॅनन यांनी मातीतल्या पाण्याचा आणि या वेगाचा हिशेब सूत्रात मांडला. ओल वाढली की लहर मंदावते.

आता आपल्या गल्लीचा हिशेब करू. लहर २० नॅनोसेकंदांत परत आली. वेग १० धरला तर पाइप १ मीटरवर. माती ओली आणि खरा वेग ६ असेल तर पाइप फक्त ६० सेंमीवर! कागदावर भरवसा ठेवून जेसीबीवाला ८० सेंमीपर्यंत बिनधास्त खोदणार. दोष त्या बिचाऱ्याला कसा द्यायचा?

उपाय महागडा नाही. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाइप दिसतो, तिथे टेपने खोली मोजायची, त्याच पाइपावरून रडार फिरवायचं आणि वेग काढायचा. नाहीतर पाइपाला काटकोनात जाऊन स्क्रीनवर उमटणाऱ्या कमानीच्या आकारावरून वेग बसवायचा. तिरकं गेलात तर वेग फुगून येतो, पाइप आहे त्यापेक्षा खोल दिसतो. आणि मे महिन्यात काढलेला वेग जुलैत चालत नाही.

म्हणून पुढच्या वेळी सर्व्हेचा अहवाल आला की नगरसेवकाला आणि ठेकेदाराला एवढंच विचारा: वेग किती धरला, कुठे तपासला आणि कोणत्या तारखेला? उत्तर नसेल तर खोदाई थांबवायला सांगा. पाइप फुटल्यावर दुरुस्तीचा खर्च आपल्याच पट्टीतून जातो.