आकाशगंगेचा हिशोब: एकटा आईन्स्टाईन पुरेल का?

चंद्रपूर मागे टाकून गडचिरोली, आणि पुढे पार भामरागडला गेलात, तर अमावस्येला आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. आजची गोष्ट तिच्या न जुळणाऱ्या हिशोबाची.

सूर्यमालेत लांबचे ग्रह हळू फिरतात. पण १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिका मोजली, तर कडेलाही वेग फारसा कमी होत नव्हता. एवढ्या वेगाला धरून ठेवायला दिसणारं वस्तुमान पुरत नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वेळी विचारतो: डेटा कमी पडला, की फॉर्म्युला चुकला? इतिहासात दोन्ही घडलंय. युरेनस वाट सोडत होता, तेव्हा डेटा कमी होता. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाची कक्षा सरकत होती, म्हणून लव्हेरिए यांनी १८५९ मध्ये तिथेही न दिसणारं काहीतरी असावं असं मांडलं. त्या कल्पित ग्रहाला व्हल्कन नाव मिळालं, पण तो सापडलाच नाही. १९१५ मध्ये आईन्स्टाईनच्या व्यापक सापेक्षतेनं शतकाला ४३ विकलांचा तो फरक ग्रहाशिवाय सोडवला.

मग दीर्घिकांनाही हाच उतारा का नको? २००५ मध्ये कॅनडातल्या कूपरस्टॉक आणि टियू यांनी तसा दावा केला. पण त्यांच्या गणितात पदार्थाची एक पातळ, विचित्र चकती लपलेली निघाली.

आता साधा हिशोब बघा. सापेक्षतेची दुरुस्ती साधारण वेग भागिले प्रकाशवेग, त्याचा वर्ग, एवढीच असते. सूर्य आकाशगंगेत सेकंदाला सुमारे २२० किलोमीटरनं फिरतो, म्हणजे दुरुस्ती जवळपास २० लाखांत एक भाग. आणि कमतरता? कित्येक पटींची!

खरा घाव तर आपल्या पुणे जिल्ह्यातून बसतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० अँटेना आहेत. त्या बटु दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचा वेग मोजतात. काहींचा वेग सेकंदाला जेमतेम २० किलोमीटर. तिथे दुरुस्ती २० कोटींत एक भाग, आणि तरी कमतरता बहुधा जास्तच. औषध जिथे सगळ्यात कमी, तिथेच दुखणं मोठं!

मिलग्रॉम यांनी १९८३ मध्ये फॉर्म्युलाच बदलून पाहिला, तो वाद वेगळा. कृष्णद्रव्याचा कणही अजून प्रयोगशाळेत हाती लागलेला नाही. पण एकटा आईन्स्टाईन पुरेल का? नाही. बुधाला जे लागू पडलं, ते आकाशगंगेला पडत नाही.