उसनी थंडी

जानेवारीत भाच्याकडे ब्रिस्बेनला गेलो, तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये पंचवीस लिटरची एक बादली होती. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर घड्या ठेवाव्यात तशी ती चारी बाजूंनी ओल्या टॉवेलांत गुंडाळलेली. टॉवेलची टोकं परातीतल्या पाण्यात, समोर टेबलफॅन. आत त्याच्या आयुष्यातली पहिली लागर बिअर आंबत होती. (महाराष्ट्रात हा उद्योग जमायचा नाही, १९४९चा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय घरी मद्य करू देत नाही. ऑस्ट्रेलियाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच घरगुती बिअरला मोकळीक दिली.)

युक्ती आपल्या माठाचीच. पाणी उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं. पण माठ नागपूरच्या कोरड्या उन्हात जितका गार होतो तितका दमट मुंबईत होत नाही, आणि ब्रिस्बेनचा उन्हाळा मुंबईच्या पंगतीतला. शिवाय बादलीला स्वतःचाही ताप असतो. यीस्ट साखर खाताना उष्णता सोडतं, त्यामुळे आतला रस खोलीहून दोन-चार अंशांनी सहज गरम होतो. लागरला हवेत ८ ते १३ अंश. मी परतल्यावर फोन आला, ‘‘मामा, केळ्याची बिअर झालीये.’’

केळं कुणी घातलं नव्हतं. उकाड्यात यीस्ट भराभर वाढतं आणि त्या घाईत फळांच्या वासाची एस्टर नावाची द्रव्यं जास्त तयार होतात. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा हाच वास कौतुकाने हुंगतात. लागरमध्ये मात्र तो दोष.

लागरला हा थंडीचा सोस लागला कुठून? जर्मन भाषेत ‘लागर्न’ म्हणजे साठवून ठेवणं. थंड तळघरांत आणि भुयारांत महिनोन्‌महिने बिअर मुरवायची बव्हेरियाची रीत जुनी. उन्हाळ्यात केलेली बिअर नासायची, म्हणून १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायलाच मनाई केली. ड्यूकच्या मनात यीस्ट असणं शक्य नव्हतं. ते काय असतं हे कळायला अजून तीन शतकं होती. पण दर हिवाळ्यात थंडीतच काम चालायचं आणि पिंपाच्या तळाचा साका पुढच्या खेपेला वापरला जायचा. असं करत गारठ्यातही निवांत आंबवणारं, काम झालं की तळाला बसणारं यीस्ट तेवढं टिकलं. मनाई खराब बिअरवर होती, तिने निवड केली डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची.

हे यीस्ट शुद्ध बव्हेरियनही नाही. ते संकरित आहे. एक पालक म्हणजे पाव फुगवणारं नेहमीचं यीस्ट. दुसऱ्याचा पत्ता लागला तो थेट २०११ मध्ये, अर्जेंटिनातल्या पाटागोनियाच्या थंड जंगलात, दक्षिणी बीच झाडांवरच्या गाठींत. पुढे तिबेटात आणि आयर्लंडमध्येही तो सापडला. थंडीची सवय लागरला या पालकाकडून आली.

आपल्याकडे दही लावायचं तर शेजारी वाटी घेऊन जातात. १८४५ मध्ये कोपनहेगनचा जे. सी. याकॉबसन असाच म्युनिकला गेला, श्पाटेन ब्रुअरीच्या गाब्रिएल झेडलमायरकडे. विरजण मिळालं, ते डेन्मार्कपर्यंत जिवंत न्यायचं कसं हा प्रश्न. यीस्टचे पत्र्याचे डबे घेऊन तो घोडागाडीने निघाला आणि जिथे गाडी थांबेल तिथे पंपाच्या गार पाण्याखाली डबे धरत राहिला, असं सांगतात. मला या कथेत भाच्याचा टॉवेल दिसतो. लागर बव्हेरियाबाहेर पडली ती अशीच, कुणीतरी वाटभर गार पाणी ओतलं म्हणून.

याकॉबसनने १८४७ मध्ये काढलेली कार्ल्सबर्ग ब्रुअरी हे यीस्ट वापरू लागली. तिथल्याच प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं, आणि कंपनीने ते इतर ब्रुअऱ्यांना खुशाल वाटलं. गुपितं जपायच्या धंद्यात हा मोठेपणाच.

यीस्ट डब्यातून नेता येतं, थंड हवा नाही. तिच्यासाठी यंत्र लागलं, आणि ते करणाऱ्यांतला एक महत्त्वाचा माणूस ब्रिस्बेनच्याच देशाचा, तोही पत्रकार. जिलाँगचा जेम्स हॅरिसन. छपाईचे खिळे ईथरने पुसताना धातू गार पडतो हे त्याच्या ध्यानात आलं, असं म्हणतात. १८५०च्या दशकात त्याने ईथरवर चालणारं बर्फाचं यंत्र केलं. १८७३ मध्ये गोठवलेलं मांस लंडनला पाठवायला गेला, वाटेत माल नासला आणि त्याचं दिवाळं वाजलं. त्याच सुमारास म्युनिकला कार्ल लिंडं आपलं शीतयंत्र श्पाटेनमध्येच तपासून पाहत होता. १८७७ मध्ये लिंडंचं यंत्र ड्रेहर नावाच्या बिअरवाल्याच्या त्रिएस्तमधल्या ब्रुअरीत बसलं. एड्रियाटिकच्या उबदार काठावर बारमाही लागर! ड्यूकची मनाई तिथे खऱ्या अर्थाने संपली. दशकभराने न्यूयॉर्कहून आलेल्या फॉस्टर बंधूंनी मेलबर्नमध्ये शीतयंत्रासह ब्रुअरी काढली. लागरबरोबर बर्फ फुकट देत, अशी आठवण सांगतात.

ज्यांना बर्फ मिळालाच नाही, त्यांची शाखा वेगळी. सोन्याच्या शोधात आलेल्यांच्या सॅन फ्रान्सिस्कोत ब्रुअर लागरचं यीस्ट उथळ हौदांत, आहे त्या हवेत आंबवत. त्या फसफसत्या बिअरला स्टीम बिअर म्हणत. त्यातली १८९६ची अँकर ब्रुअरी बुडता बुडता १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅगने वाचवली. २०२३ मध्ये ती बंद पडलीच. भाच्याला मी सांगितलं, तुझ्याच कुळातली होती. तो म्हणाला, त्यांची केळ्यासारखी लागत नव्हती.

मग त्याने यीस्टची पुडी तपासली. सुरुवातीच्या संचाच्या डब्यावर ‘लागर’ छापलेलं, पण झाकणाखालचं यीस्ट एलचं, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरचं होतं; हे बरेचदा होतं. दुसरी खेप त्याने डब्ल्यू ३४/७० या खऱ्या लागर यीस्टवर लावली. वाण बव्हेरियातल्या वाइएनश्टेफानचा. १८ अंशांवरही ते बऱ्यापैकी स्वच्छ चव देतं म्हणून जगभरच्या हौशी लोकांचं लाडकं. नॉर्वेच्या शेतघरांतलं क्वाइक तर तीस-पस्तीस अंशांत खुशीत काम करतं. त्याची नकली लागर बरी होते म्हणे. मला ते पटत नाही, पण मी चाखलेली नाही.

भाच्याने सध्या एवढंच केलंय: एक जुना फ्रिज घेतलाय, पहिले तीन दिवस तापमापक सोडत नाही, आणि शेवटी दोन दिवस बादली बाहेर काढून ठेवतो, म्हणजे लोण्याचा वास यीस्टच खाऊन टाकतं. फ्रिज बिघडला तर काय, असं विचारलं तेव्हा त्याने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. जून ते ऑगस्टला पेन्सिलने गोल. तिकडे तेव्हा हिवाळा असतो. ड्यूकने बिअर करायला मनाई केली होती त्याच महिन्यांत.