चित्रपट-मासिकाचे मुखपृष्ठ : एक दुर्लक्षित साधन

वाङ्मयेतिहासाच्या साधनांची यादी करताना आपण हस्तलिखिते, पत्रव्यवहार, नियतकालिकांच्या फायली, प्रस्तावना आणि अर्पणपत्रिका इथवर येतो आणि थांबतो. नियतकालिकाचे मुखपृष्ठ त्या यादीत सहसा नसते. माझ्या यादीतही ते कधी नव्हते. ते तेथे असायला हवे, हे मला उतारवयात एका विद्यार्थिनीमुळे कळले.

ही मुलगी माध्यम-अभ्यासाच्या वर्गात शिकते. परीक्षेसाठी तिला एका चित्रपट-मासिकाचे मुखपृष्ठ तयार करायचे होते. मासिक अर्थातच काल्पनिक. त्याला तिने 'रुपेरी' हे नाव दिले होते. विषय मात्र खरा होता. राजकमल कलामंदिराचा पहिला चित्रपट, व्ही. शांताराम यांचा १९४३ सालचा 'शकुंतला', नुकताच प्रदर्शित होत आहे असे समजून त्या अंकाचे मुखपृष्ठ करायचे, अशी तिची कल्पना. "सर, त्या काळची मुखपृष्ठे मला प्रत्यक्ष पाहायला कोठे मिळतील?" असे तिने विचारले. ज्या ग्रंथालयात माझी उमेदीची वर्षे गेली तेथे मी तिला मोठ्या विश्वासाने घेऊन गेलो. जुन्या चित्रपट-मासिकांचे खंड जागेवर होते, उत्तम कापडी बांधणीत होते, त्यांच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत वर्षेही होती. पण आत एकही मुखपृष्ठ नव्हते. बांधणीच्या वेळी मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत होती. त्यामुळे खंडाची जाडी कमी होई आणि खर्चही वाचे. ज्या समितीने ही रीत वर्षानुवर्षे मंजूर केली, तिच्यावर काही काळ मीही होतो. त्या ठरावांवर माझी सही आहे. तेव्हा हा लेख थोडासा कबुलीजबाबही आहे.

आपण काय फेकून दिले हे समजण्यासाठी 'फिल्मइंडिया'कडे पाहावे. बाबुराव पटेल यांनी १९३५ साली मुंबईत सुरू केलेले हे इंग्रजी मासिक सुमारे पंचवीस वर्षे चालले आणि देशभर वाचले गेले. बाबुरावांची जहरी लेखणी, वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली चावरी उत्तरे, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मंटोसारख्या लेखकालाही त्यांचे व्यक्तिचित्र रेखाटावेसे वाटले. त्यामानाने त्या मासिकाची मुखपृष्ठे उपेक्षितच राहिली. ती रंगवणाऱ्यांत दोन मोठी नावे आहेत: एस. एम. पंडित आणि रघुवीर मुळगावकर. पंडित मूळचे गुलबर्ग्याचे, मुळगावकर गोव्याचे. दोघेही पुढे देवादिकांच्या दिनदर्शिकांमुळे घरोघरी पोहोचले. मुळगावकरांची लक्ष्मी किंवा राम पाहिला नाही असा त्या पिढीतला मराठी माणूस विरळा. ज्या कुंचल्याने देवघरातल्या भिंतीवरची देवी रंगवली, त्याच कुंचल्याने केशकर्तनालयातल्या बाकावर पडलेली नटीही रंगवली. या दोघींच्या चेहऱ्यांवरचा उजेड एकच आहे, असे मला नेहमी वाटते.

याची परंपरा आणखी मागे जाते. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी रविवर्म्याच्या शिळाछापखान्यात काम करीत होते. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे आले, आणि १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चे त्यांचे भित्तिचित्र हे आज उपलब्ध असलेल्या आपल्या सर्वांत जुन्या चित्रपट-भित्तिचित्रांत गणले जाते. आपल्याकडे चित्रपट रंगाऱ्यांच्या घरात जन्माला आला, म्हणून त्याची मासिके रंगाऱ्यांकडे गेली यात नवल नाही.

पण खरी गोष्ट रंगांची आहे. १९३७ साली 'किसान कन्या' हा रंगीत बोलपट निघाला होता, तरी चाळिशीतले आपले चित्रपट जवळजवळ सगळे कृष्णधवल होते. मुखपृष्ठावर मात्र रंग हवा असे. चित्रसंस्थेच्या छायाचित्रकाराने घेतलेला काळापांढरा फोटो चित्रकाराच्या हाती येई. त्यावरून तो अपारदर्शक जलरंगांत चित्र करी. ते चित्र ब्लॉकमेकरकडे जाई. तो निरनिराळ्या रंगांच्या काचांमधून त्याचे फोटो घेऊन पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे वेगवेगळे ब्लॉक तयार करी. छापखान्यात तोच कागद एका रंगानंतर दुसऱ्या रंगाखाली जाई, आणि कागद केसभर सरकला तरी नटीच्या ओठांची लाली हनुवटीवर उतरे. या साऱ्या खटाटोपात एक निर्णय मुकाट्याने घेतला जात असे. नायिकेच्या साडीचा रंग कोणता, हे चित्रपट सांगत नव्हता. सेटवर ती साडी कोणत्या रंगाची होती याला फारसा अर्थ नव्हता. कॅमेऱ्यासमोर करड्या छटा नीट उमटाव्यात म्हणून ती निवडलेली असे. प्रेक्षकाच्या मनात जो रंग राहिला तो मुखपृष्ठाच्या चित्रकाराने दिलेला होता. एका पिढीची रंगस्मृती अशी दोनचार स्टुडिओंत तयार झाली, आणि तिचा पुरावा आम्ही बांधणीवाल्याच्या टोपलीत टाकला.

याच जागी आमची विद्यार्थिनीही अडली. तिच्यापुढे जयश्रीबाईंचा शकुंतलेच्या वेषातला काळापांढरा फोटो होता. वल्कलाला कोणता रंग द्यावा? मी तिला कालिदासाकडे पाठवले, ती रविवर्म्याकडेही जाऊन आली. दोघांकडून तिला निरनिराळी उत्तरे मिळाली. संगणक कोणताही रंग एका क्षणात भरून देतो, त्यामुळे निवड सोपी होत नाही, असे ती म्हणाली. हे वाक्य मला तिच्या अहवालातल्या अनेक पानांहून मोलाचे वाटले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ७ मार्च १९५२ रोजी 'फिल्मफेअर'चा पहिला अंक कामिनी कौशल यांना मुखपृष्ठावर घेऊन आला. त्यानंतरच्या काळात रंगीत छायाचित्राने कुंचल्याला हळूहळू बाजूला सारले. चित्रकाराची सही मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातून गेली. छायाचित्रकाराचे नाव आलेच तर आतल्या पानावर, बारीक टाइपात. ऑक्टोबर १९७१मध्ये 'स्टारडस्ट' निघाले. त्याच्या पहिल्या मुखपृष्ठावर राजेश खन्ना होते, आणि त्यांनी गुपचूप लग्न केले आहे काय, असा प्रश्न ठळक अक्षरांत होता. संपादिका शोभा राजाध्यक्ष, पुढे शोभा डे म्हणून ख्यात झालेल्या. येथून मुखपृष्ठ हे पाहण्यापेक्षा वाचण्याची वस्तू झाले. चित्र त्या ओळीच्या सेवेला लागले. हा बदल चांगला की वाईट, यावर मी निकाल देणार नाही. माझी आवड कोणत्या बाजूला आहे हे वाचकाने ओळखलेच असेल.

एक मुद्दा मात्र मराठीच्या अभ्यासकाने विसरू नये. इंग्रजी मासिकांत तारकेचे डोके मासिकाच्या नावावर आणून बसवण्याची पद्धत रुळली. रोमन अक्षरे एका ओळीत उभी असतात. मधले एखादे झाकले तरी ओळखीचे नाव वाचता येते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या नि मात्रा आणि खाली उकार असतात, आणि नायिकेचा अंबाडा नेमका उकारावर येतो. आमच्या विद्यार्थिनीच्या पहिल्या आराखड्यात शकुंतलेच्या केसांतील फुलांनी उकार गिळला आणि 'रुपेरी'चे 'रपेरी' झाले. वर्गात खूप हशा पिकला म्हणे. पण या लहानशा अपघातात आपल्या अक्षररचनाकारांचा सारा संघर्ष सामावलेला आहे. कमल शेडगे यांनी टाइम्स समूहाच्या कलाविभागात राहून नियतकालिकांची, आणि बाहेर असंख्य नाटक-चित्रपटांची नावे हाताने रेखाटली. शिरोरेषा कोठे तोडावी, मात्रा किती वाकवावी, हे ते नावाच्या स्वभावावरून ठरवीत. र. कृ. जोशी यांनी तर देवनागरीला संगणकात आणण्याचे काम केले. आज कोट्यवधी लोक वापरतात तो 'मंगल' हा टंक त्यांचा. तरीही तयार टंकात नाव टाकून त्यावर डोके बसवले की काय होते, ते वर सांगितलेच. शेडगे २०२० साली गेले. त्यांनी काढलेली नावे ज्या पानांवर होती त्यांतली किती आपल्या ग्रंथालयांत शिल्लक आहेत, हे मोजण्याचे धाडस मला होत नाही.

'फिल्मइंडिया'चे काही जुने अंक मुखपृष्ठांसह अखेर आम्हाला मिळाले, ते अमेरिकेत जपलेल्या प्रतींवरून 'मीडिया हिस्ट्री डिजिटल लायब्ररी'ने उपलब्ध करून दिलेल्या चित्रप्रतींत. मुंबईत छापलेला कागद मुंबईपासून इतक्या दूर टिकला, आणि आमच्या शेजारच्या कपाटात टिकला नाही! पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४पासून चित्रपटांबरोबर भित्तिचित्रे, पुस्तिका, फोटो हेही साहित्य जमवले, म्हणून थोडे तरी आपल्या हाती आहे. पण प्रत्येक जिल्हा ग्रंथालयाने आणि महाविद्यालयाने पुण्याकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपली असे समजणे बरे नव्हे. बांधणी होण्यापूर्वीच्या सुट्या अंकांचे गठ्ठे अजून अनेक ठिकाणी माळ्यावर पडून आहेत, असे ग्रंथपाल मित्र सांगतात. तेवढे तरी वाचावेत.

मुलीने शेवटी वल्कलाला मातकट हिरवा रंग दिला. मासिकाचे नाव शकुंतलेच्या डोक्यावरून काढून तिच्या पायाशी, हरिणाच्या शेजारी आणले आणि उकाराला मोकळी जागा दिली. परीक्षकांपैकी एकाने नाव खाली का, म्हणून गुण कापले. तिने मुखपृष्ठाची एक छापील प्रत ग्रंथालयाला दिली आहे. ग्रंथपालांनी ती घेतली. पण नोंद कोणत्या वर्गात करायची, 'चित्रकला', 'चित्रपट' की 'नियतकालिके', असे त्यांनी मला विचारले. सध्या ती माझ्या टेबलावर आहे.