मुंबईचे नगर दिवाणी न्यायालय आणि प्रांताचा अधिकार

1948 पूर्वी मुंबई शहरातील दिवाणी दाव्यांची विभागणी मुफस्सलातील, म्हणजे शहराबाहेरच्या जिल्ह्यांतील, विभागणीपेक्षा अगदी वेगळी होती. पुणे किंवा साताऱ्यात 1869 च्या मुंबई दिवाणी न्यायालये कायद्यानुसार प्रथमवर्ग दुय्यम न्यायाधीशाला कितीही रकमेचा दावा चालवता येत असे. मुंबईत मात्र लघुवाद न्यायालयाची मर्यादा 2,000 रुपयांपाशी संपत असल्यामुळे त्यापुढच्या रकमेचा वाद थेट उच्च न्यायालयाच्या त्या शाखेत जाई, जिला वकिलांच्या बोलीत ‘ओरिजिनल साइड’ म्हणतात. तेथे पक्षकाराला आधी सॉलिसिटर नेमावा लागे आणि युक्तिवादासाठी निराळा वकील उभा करावा लागे. त्यामुळे मध्यम रकमेच्या दाव्यालाही मोठ्या व्यापारी दाव्याइतकाच जबर खर्च पडे.

ही विषमता दूर करण्यासाठी मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने 1948 चा चाळिसावा कायदा संमत केला आणि 16 ऑगस्ट 1948 पासून बृहन्मुंबईसाठी नगर दिवाणी न्यायालय सुरू झाले. या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने त्याला 10,000 रुपयांपर्यंतचे दावे दिले, चौथ्या कलमाने ही मर्यादा अधिसूचनेद्वारे 25,000 रुपयांपर्यंत वाढवण्याची मुभा प्रांतिक सरकारला दिली, तर बाराव्या कलमाने असे दावे उच्च न्यायालयाच्या कक्षेतून काढून घेतले. नौवहन, मृत्युपत्र आणि दिवाळखोरी यांविषयीची प्रकरणे मात्र नव्या न्यायालयाबाहेरच ठेवण्यात आली.

खरा प्रश्न अधिकाराचा होता. उच्च न्यायालयाचे अधिकार 1862 मध्ये राजसनदेने, म्हणजे ‘लेटर्स पेटंट’ने, मिळालेले असल्यामुळे प्रांताला त्यांना हात लावता येईल का, ही शंका कायदेपंडितांत होती. ती नरोत्तमदास जेठाभाई यांच्या दाव्यात कसाला लागली. 20 जानेवारी 1950 च्या अधिसूचनेने मर्यादा 25,000 रुपये झाल्यानंतर, 6 फेब्रुवारी रोजी त्यांनी वचनचिठ्ठ्यांवरील सुमारे 11,704 रुपयांच्या वसुलीचा दावा उच्च न्यायालयातच दाखल केला. 1935 च्या भारत सरकार कायद्यात वचनचिठ्ठ्या हा केंद्राच्या सूचीतील विषय असल्याने त्यांवरील दाव्यांचा अधिकार प्रांताने स्थापलेल्या न्यायालयाला देता येणार नाही, असा एक आक्षेप होता. मर्यादा वाढवण्याचे काम सरकारवर सोपवणे म्हणजे कायदेमंडळाने स्वतःचे कर्तव्य दुसऱ्याच्या हाती देणे होय, हा दुसरा आक्षेप होता आणि तो उच्च न्यायालयाने मान्य केला.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने मात्र कायदा वैध ठरवला. प्रांतिक सूचीतील ‘न्यायदान’ या शब्दाचा अर्थ केवळ इमारती, कारकून आणि वेतन एवढाच होत नाही. न्यायालय स्थापणाऱ्याला त्याला सर्वसाधारण दावे चालवण्याचा अधिकार देता आलाच पाहिजे, अन्यथा न्यायालय नुसते नावापुरते उरेल, असा या निर्णयाचा गाभा होता. चौथ्या कलमाविषयी न्यायालयाने सांगितले की 25,000 रुपयांची कमाल मर्यादा कायदेमंडळाने स्वतः ठरवलेली असून ती केव्हा लागू करावी, एवढेच सरकारवर सोपवले आहे. अशा कायद्याला सशर्त विधान म्हणतात.

पुढे 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘न्यायदान’ हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल अशा सूचीत गेला, तरी राज्याचा हात थांबला नाही. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्राच्या दुरुस्ती कायद्याने नगर दिवाणी न्यायालयाची आर्थिक मर्यादाच काढून टाकली आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही वैध ठरवला. 2012 मध्ये मात्र राज्याने 1 कोटी रुपयांची मर्यादा पुन्हा घातली. वरवर पाहता या दुरुस्त्यांत केवळ आकडा बदलतो, परंतु सामान्य पक्षकाराने कोणत्या न्यायालयाची पायरी चढावी आणि त्यासाठी किती खर्च सोसावा, हे त्या आकड्यानेच ठरते. म्हणून न्यायव्यवस्थेच्या इतिहासात गाजलेल्या निकालांच्या बरोबरीने या दुरुस्ती कायद्यांनाही स्थान मिळाले पाहिजे.