नाइन मेन्स मॉरिस

मध्ययुगीन यूरोपात लोकप्रिय असलेला दोघांचा बैठा खेळ. महाराष्ट्रात तो नवकंकरी या नावाने ओळखला जातो. कॅस्टिलचा राजा दहावा आल्फॉन्सो याने 1283 मध्ये पूर्ण करवून घेतलेल्या खेळविषयक ग्रंथात त्याचे वर्णन आहे. इंग्लंडमधील कँटरबरी व ग्लॉस्टर येथील कॅथीड्रलांच्या दगडी बाकांवर त्याचे पट कोरलेले आढळतात.

एकात एक तीन चौरस काढून त्यांच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले की 24 बिंदूंचा पट तयार होतो. प्रत्येकाकडे नऊ सोंगट्या असतात. त्या आळीपाळीने रिकाम्या बिंदूंवर मांडतात व सर्व मांडून झाल्यावर रेषेवरून शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकवतात. एका रेषेत तीन सोंगट्या जुळल्या की प्रतिपक्षाची एक सोंगटी उचलता येते. ज्याच्याकडे दोनच सोंगट्या उरतात किंवा ज्याला चाल उरत नाही, तो हरतो.

शाळेत शिकवताना आधी नऊ बिंदूंच्या पटावर तीन-तीन सोंगट्यांचा सोपा खेळ घ्यावा. जमिनीवर खडूने आखलेला पट आणि चिंचोके व खडे एवढे साहित्य पुरते. या खेळातून मुलांना भूमितीतील आकृत्यांची ओळख होते व पुढच्या चालींचा विचार करण्याची सवय लागते.