तटस्थाचें पाणी

दोघांचें भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, अशी मराठींत म्हण आहे. गांवांतल्या तंट्यांत ती खरी ठरत असेल. परंतु विसाव्या शतकांतील दोन महायुद्धांत तिसऱ्याच्या पदरीं लाभाहून हानीच अधिक पडली. याचें कारण जागतिक युद्धाच्या स्वरूपांतच आहे. असें युद्ध केवळ रणांगणावर लढलें जात नाहीं. तें खाणींत, कारखान्यांत, बंदरांत आणि समुद्रमार्गांवर लढलें जातें. तोफेला पोलाद लागतें, विमानाला तेल लागतें, सैन्याला अन्न लागतें. आणि यांतील बराच माल परदेशांतून आणावा लागतो. म्हणून शत्रूचा माल अडविणें हें लढाई जिंकण्याइतकेंच महत्त्वाचें ठरतें. मग ज्याच्या भूमीवरून किंवा पाण्यांतून तो माल जातो, तो देश कितीही शांत बसला तरी दोन्ही पक्षांच्या हिशेबवहींत त्याचें नांव चढतेंच. १९४० सालीं नॉर्वे देशावर ओढवलेला प्रसंग हें याचें बोलकें उदाहरण होय.

नॉर्वे हें त्या वेळीं अवघ्या तीस लाख वस्तीचें राष्ट्र होतें. परंतु त्याचा व्यापारी जहाजांचा तांडा जगांतील पहिल्या चार-पांच तांड्यांत गणला जाई. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत तें तटस्थ राहिलें. वाढलेल्या भाड्यानें जहाजमालकांनीं पैसा कमावला हें खरें. पण पाणबुड्यांनीं त्या देशाचा जवळजवळ निम्मा तांडा बुडविला आणि सुमारें २,००० खलाशी प्राणांस मुकले. नफा मालकांच्या पेढीवर जमा झाला, आणि किंमत मात्र खलाशांच्या घरांनीं मोजली. पुढें सप्टेंबर १९३९ मध्यें दुसरें महायुद्ध पेटतांच नॉर्वेनें पुनः आपली तटस्थता जाहीर केली.

या वेळीं गुंता होता तो शेजाऱ्याच्या लोखंडाचा. स्वीडनच्या उत्तर भागांत किरुना आणि येलिव्हारे येथें लोखंडाच्या मोठ्या खाणी आहेत. जर्मनीला तेथून वर्षाकाठीं सुमारें १ कोटी टन खनिज मिळत असे. उन्हाळ्यांत तें स्वीडनच्याच लुलेओ बंदरांतून निघे. परंतु हिवाळ्यांत तेथील समुद्र गोठतो. त्या महिन्यांत खनिज आगगाडीनें नॉर्वेच्या नार्विक बंदरांत आणीत, कारण तें बंदर कधीं गोठत नाहीं. तेथून जर्मन जहाजें नॉर्वेच्या किनाऱ्यालगत, बेटांच्या आडोशानें, दक्षिणेकडे जात. बाहेरच्या समुद्रावर इंग्रजी आरमाराचा पहारा होता. पण या किनारी पाण्यांत त्याचा हात चालत नव्हता.

१९०७ च्या हेग येथील करारानें तटस्थ राष्ट्राच्या पाण्यांत लढाई करण्यास मनाई केली होती. परंतु एखादें लढाऊ जहाज त्या पाण्यांतून नुसतें पार झालें, तर तेवढ्यानें तटस्थतेला बाध येत नाहीं, असेंही त्याच करारांत म्हटलें होतें. शांततेच्या काळांत लिहिलेल्या या दोन वाक्यांमधल्या फटींतच नॉर्वे सांपडलें.

फेब्रुवारी १९४० मध्यें आल्टमार्क नांवाचें जर्मन जहाज या मार्गानें स्वदेशीं परतत होतें. दक्षिण अटलांटिकमध्यें बुडविलेल्या इंग्रजी जहाजांवरचे खलाशी त्याच्या पोटांत कोंडलेले होते. नॉर्वेच्या नाविक अधिकाऱ्यांनीं जहाजावर जाऊन चौकशी केली. पण त्यांना कैदी दिसले नाहींत. १६ फेब्रुवारीच्या रात्रीं कोसॅक ही इंग्रजी विनाशिका योसिंगफियॉर्डमध्यें शिरली आणि तिनें २९९ कैदी सोडविले. नॉर्वेच्या लहान लढाऊ बोटी जवळच होत्या. त्यांनीं निषेध नोंदविला, पण तोफा डागल्या नाहींत. इंग्लंड म्हणालें, तुम्ही कैदी नेऊं दिलेत. जर्मनी म्हणाला, तुम्ही आमच्या जहाजावर हल्ला होऊं दिलात. एकाच रात्रींत तटस्थ राष्ट्र दोघांच्याही लेखीं अपराधी ठरलें.

यापुढें दोन्ही बाजूंची घाई वाढली. इंग्लंडचे आरमारमंत्री चर्चिल हे आरंभापासूनच या मार्गावर सुरुंग पेरावे असा आग्रह धरून होते. जर्मन आरमाराचे प्रमुख रेडर हे नॉर्वेच्या किनाऱ्यावर तळ असावे असें हिटलरला सांगत होते. १ मार्च रोजीं हिटलरनें डेन्मार्क व नॉर्वे यांवरील स्वारीचा लेखी हुकूम काढला. ८ एप्रिलच्या पहाटे इंग्रजांनीं नॉर्वेच्या पाण्यांत सुरुंग पेरले. त्याचा निषेध नॉर्वेचें सरकार करीत होतें, तोंच ९ एप्रिलच्या पहाटे जर्मन सैन्य ऑस्लोपासून नार्विकपर्यंतच्या बंदरांत उतरूं लागलें.

त्या पहाटे ऑस्लोच्या खाडींत ऑस्कर्सबोर्ग किल्ल्याचे प्रमुख कर्नल एरिकसेन यांनीं वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहतां तोफा डागल्या. तोफा जर्मनीच्याच क्रुप कारखान्यांत एकोणिसाव्या शतकांत घडविलेल्या होत्या. त्यांच्या माऱ्यानें व किल्ल्यांतून सोडलेल्या टॉर्पेडोंनीं ब्लूखर ही नवी कोरी जर्मन क्रूझर बुडाली. स्वारी कांहीं तास खोळंबली, आणि तेवढ्या अवधींत राजे हाकोन सातवे, मंत्रिमंडळ व पार्लमेंट राजधानीबाहेर पडलें. क्विस्लिंग याला पंतप्रधान नेमा, अशी मागणी घेऊन जर्मन वकील राजांना भेटला. मंत्र्यांना ती मान्य करावयाची असेल तर आपण राज्यत्याग करूं, पण ही नेमणूक करणार नाहीं, असें राजांनीं १० एप्रिल रोजीं सांगितलें. मंत्रिमंडळ राजांच्या पाठीशीं उभें राहिलें. दोन महिने लढून ७ जून रोजीं राजे व सरकार इंग्लंडला निघाले. पण राष्ट्राचा तांडा शत्रूच्या हातीं पडला नव्हता. सुमारें १,००० जहाजें परागंदा सरकारच्या हुकुमानें दोस्तांसाठीं तेल व धान्य वाहूं लागलीं. युद्ध संपेपर्यंत त्यांतलीं जवळजवळ निम्मीं बुडालीं.

स्वीडन मात्र तटस्थ राहिला. पण कसा? जर्मनीला खनिज मिळतच राहिलें, आणि जुलै १९४० पासून ऑगस्ट १९४३ पर्यंत रजेवर जाणारे-येणारे जर्मन शिपाई स्वीडनच्या आगगाड्यांतून प्रवास करीत राहिले. त्यानें देश वांचविला, म्हणून त्याला दोष देणें सोपें नाहीं. पण ती तटस्थता फुकट मिळाली नव्हती, हेंही विसरतां येत नाहीं.

तटस्थ पाण्याची अशीच एक कथा गोमंतकाच्या किनाऱ्यावर घडली. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळें मुरगांव बंदरांत एरेनफेल्स, ब्राउनफेल्स व ड्राखेनफेल्स हीं तीन जर्मन आणि अँफोरा हें एक इटालियन जहाज आसऱ्याला होतें. एरेनफेल्सवरून बिनतारी यंत्रानें पाणबुड्यांना बातमी जाते, असा इंग्रजांचा संशय होता. मार्च १९४३ मध्यें एका रात्रीं कलकत्त्याच्या स्वयंसेवक दलांतील कांहीं प्रौढ इंग्रज गृहस्थ एका बार्जमधून तेथें पोंचले व एरेनफेल्सवर चढले. जर्मनांनीं तें जहाज स्वतःच बुडविलें, आणि उरलेल्या तिन्ही जहाजांवरील लोकांनीं तोच मार्ग धरला. आल्टमार्कप्रमाणें येथेंही पाणी तटस्थाचें होतें, आणि निर्णय मात्र लढणाऱ्यांचा.

४ एप्रिल १९४९ रोजीं नॉर्वेनें उत्तर अटलांटिक करारावर सही केली व जुनी तटस्थता सोडली. नार्विकचें बंदर आणि समुद्रमार्ग होते तेथेंच होते; बदलला होता तो अनुभव. आपण युद्धांत ओढले जाणार कीं नाहीं, हें लहान राष्ट्राच्या हातीं क्वचितच असतें. पण ओढले गेल्यावर कोणाला नकार द्यावयाचा आणि त्या नकाराची काय किंमत मोजावयाची, हें त्याच्या हातीं असतें. हाकोन राजांनीं १० एप्रिलला तेवढाच अधिकार बजावला. आणि पांच वर्षांनीं, जून १९४५ मध्यें, ते ऑस्लोला परतले ते त्याच अधिकारानें.