नाच, नृत्य, डान्स... आणि आपली दंडार

दिवाळी सरली की आपल्या झाडीत गावोगाव मंडई भरते. यंदा तिथली पोस्टरं जरा नीट वाचा. एकावर 'आदिवासी नृत्य', दुसऱ्यावर 'डान्स हंगामा', तिसऱ्यावर 'दंडार'. पाय तिन्हीकडे थिरकतात, पण मान तिन्हींना सारखा मिळत नाही. हा फरक आला कुठून?

संस्कृतात धातू आहे 'नृत्'. त्यावरून 'नृत्यति', प्राकृतात ते झालं 'णच्चइ', आणि मराठीत 'नाचणे'. 'सत्य'चं 'सच्च' झालं ना, तसंच. म्हणजे 'नाच' हा लोकांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेला शब्द, आणि 'नृत्य' नंतर थेट संस्कृतातून उचललेला. माणूस एकच, घरी बनियनवर, लग्नात कोटात.

याच 'नृत्'चं आणखी एक रूप म्हणजे 'नट्'. त्यातून नट, नाट्य, नाटक. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एकाच रेपोचे हे दोन फोर्क. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'डान्स' इंग्रजीत आला साधारण १३०० च्या सुमारास, जुन्या फ्रेंचमधून. त्याआधी इंग्रजांचा शब्द वेगळाच होता. त्याच इंग्रजांनी इथे येऊन आपल्या 'नाच'चं 'नॉच' केलं. साहेबांच्या मेजवान्यांत नॉच व्हायचा, आणि १८९२-९३ मध्ये मद्रासकडे त्याच नॉचविरुद्ध चळवळ उभी राहिली. बदनाम झाल्या त्या नाचणाऱ्या बायका, मेजवानीला बसलेले नाही! पुढे १९३० च्या दशकात 'सदिर'चं नाव 'भरतनाट्यम' झालं. कला बरीचशी तीच, नाव सोवळं. आपल्याकडे तमाशातला 'नाच्या' तर शिवीच होऊन बसला. खरं तर नामदेवांना कीर्तनात नाचण्याची कधी लाज वाटली नव्हती. आणि २००५ मध्ये राज्यात डान्सबारवर बंदी आली, तेव्हा 'डान्स' या इंग्रजी शब्दालाही तोच डाग लागला. थोडक्यात, शब्द बदलून सुटका होत नाही.

आता गडचिरोलीच्या जंगलात या. गोंडी ही द्राविडी भाषा, तिच्यात 'नाच'चा काही संबंध नाही. तिथे 'रेला' म्हणतात. गाण्यात जे पालुपद पुन्हापुन्हा येतं, तेच नाव. गाणं वेगळं, नाचणं वेगळं, बघणारा वेगळा असं तिथे फार नसतं. हात धरायचे आणि गोलात शिरायचं. मंत्र्याच्या स्वागताला दहा मिनिटं उभं केलं, की मग त्याचं 'आदिवासी नृत्य' होतं. मला हे खटकतं.

आणि दंडार. नावाचा संबंध बहुतेक जण दंडाशी, म्हणजे टिपरीशी जोडतात. पण रात्री बसून बघा: गाणं आहे, नाच आहे, सोंग आहे, गोष्ट आहे, टिंगल आहे. बाईचं सोंगही पुरुषच घेतो. मघाचे ते दोन फोर्क आठवले? झाडीत ते कधी पुरते वेगळे झालेच नाहीत. सरकारी फॉर्मच्या ड्रॉपडाऊनमध्ये 'नृत्य' आणि 'नाट्य' एवढेच पर्याय असले, तर दंडारवाल्यानं कशावर टिक करायची?

गंमत म्हणजे राजुऱ्याकडून तेलंगणात उतरलं की गोंडांच्या दिवाळीतल्या नाचाला 'दंडारी' म्हणतात. मोरपिसांचे मोठे टोप घातलेले गुसाडी त्यातलेच. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे राज्यांची सीमा नवी आणि शब्द जुना. तिकडच्या मार्लवाईचे कनक राजू यांना गुसाडीसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. इकडे कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये, झाडीपट्टी रंगभूमीसाठी. एकाला नाचासाठी, एकाला नाटकासाठी.

ही रंगभूमी दंडारीतूनच वाढली. आज वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, बुकिंग चालतं, धान कापून झालं की रात्रभर प्रयोग होतात. दंडारीला मात्र गावातली म्हातारी मंडळीच उरलीत, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. तुमच्या गावात अजून होत असेल तर त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. ते स्वतः त्याला 'नाच' म्हणतात की 'नाटक', हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.